एकसारख्या फोडी: पुण्यात नव्याने चूल मांडणाऱ्यांसाठी

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. रविवारी रात्री मेस बंद असते. माझा भाचा लातूरहून इंजिनिअरिंगला आला, सिंहगड रस्त्यावर दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेतला आणि अशाच एका रविवारी रात्री त्याचा फोन आला, "मावशी, पोहे करतोय, पण बटाटा अर्धा कच्चा आणि अर्धा गाळ झालाय." मी विचारलं, "फोडी केवढ्या केल्या होत्यास?" त्यावर तो गप्पच बसला. काही सुपारीएवढ्या होत्या, काही शेंगदाण्याएवढ्या. कढई चांगली होती, गॅस मंद होता, फक्त फोडी एकसारख्या नव्हत्या.

पुढच्या शनिवारी तो घरी आला आणि आम्ही दोन तास ओट्याशी उभे राहिलो. त्या दिवशी त्याला जे शिकवलं तेच इथे लिहिते आहे. भाजी पटापट चिरता आली पाहिजे, असं नव्याने शिकणाऱ्या सगळ्यांना वाटतं, पण वेगाचं काहीच महत्त्व नाही. एका भांड्यात जाणाऱ्या सगळ्या फोडी सारख्या मापाच्या हव्यात, एवढं जमलं की पोहे, खिचडी, कोशिंबीर, उसळीवर घालायचा कच्चा कांदा हे सगळं आपोआप सुधारतं. वेग पुढे सवयीने येतो.

फोड केवढी हवी

सेंटिमीटर मोजत कोणी भाजी चिरत नाही, म्हणून मी भाच्याला तीन मापं डोळ्यांसमोर ठेवायला सांगितली. कच्चं खायचं असेल तर डाळिंबाच्या दाण्याएवढी फोड, म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी अशा दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या पदार्थांत भिजलेल्या हरभऱ्याएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. आणि सांबार, मुगाची डाळ घातलेला दुधी, लाल भोपळ्याची भाजी असं निवांत शिजणारं काही असेल तर बोराएवढी, दोन सेंटिमीटरच्या आसपास.

माप का महत्त्वाचं ते एकदा समजून घ्या. दोन सेंटिमीटरची एक चौकोनी फोड घेतली तर तिच्या सहा बाजू मिळून 24 चौरस सेंटिमीटर होतात. तिचेच एकेक सेंटिमीटरचे आठ तुकडे केले की बटाटा तेवढाच राहतो, पण बाजूंची बेरीज 48 होते. मीठ, लिंबू, फोडणी आणि आच, सगळं बाहेरूनच लागतं. म्हणून बारीक फोड लवकर शिजते आणि चव धरते. याची दुसरी बाजूही आहे. तेवढ्याच उघड्या बाजूंमधून रस गळतो आणि सी जीवनसत्त्व हवा-पाण्यात जातं. त्यामुळे कच्च्या खायच्या फोडी जेवायच्या आधी पंधरा मिनिटं करायच्या, सकाळी करून रात्री खायच्या नाहीत. भाजी धुवायची तीही चिरण्याआधी. चिरलेली भाजी चाळणीत नळाखाली धरणं म्हणजे चांगलं ते मोरीत सोडणं.

काय विकत आणायचं

तीनच गोष्टी लागतात: सुरी, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट आणि सोलाणं. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. सुरीचं पातं सहा ते आठ इंचांचं घ्या. नवीन माणूस घाबरून लहान सुरी घेतो आणि तिथेच चुकतो, कारण लहान सुरी कोबी-भोपळ्यात अडकते आणि मग जोर लावावा लागतो. काचेचा पाट दिसायला छान असतो, पण घेऊ नका, ग्रॅनाइटच्या ओट्यावरही थेट चिरू नका. दोन्हींवर धार महिनाभरात मरते. मासे किंवा चिकन करणार असाल तर त्यासाठी पाट वेगळाच ठेवा.

आणि धार. याबाबतीत मी हट्टी आहे. माझ्या डाव्या तर्जनीवर जो व्रण आहे तो बोथट सुरीचा आहे. टोमॅटोच्या सालीवरून ती घसरली, कारण साल कापायला ती उतरतच नव्हती आणि मी वरून दाब देत होते. धारदार सुरी स्वतःच्या वजनाने खाली जाते, तिला दाबावं लागत नाही, म्हणून ती सुरक्षित असते. धार आहे की नाही हे टोमॅटोवरच बघा. न दाबता, नुसती पुढे-मागे ओढून साल कापली गेली तर ठीक. नाही तर धार लावून आणा किंवा धारेचा दगड घरात ठेवा.

घरी आजीची विळी असेल तर तिला हसू नका. खाली बसून विळीवर चिरणारा जुना हात मेथीपासून फणसापर्यंत काहीही लीलया चिरतो. पण विळीवर भाजी दोन्ही हातांत धरून पात्याकडे न्यावी लागते, तिला खाली सपाट आधार नसतो. चौकोनी फोडी शिकायला पाट आणि सुरीच सोपी. आणि विळी वापरलीत तर काम झाल्याबरोबर मिटून ठेवायची. हा नियम आमच्या घरी चहा येण्याआधी पाळला जायचा.

हात कसे ठेवायचे

पाटाखाली ओलं फडकं पिळून पसरा, पाट हलता कामा नये. सुरी मुठीत गच्च धरायची नाही. अंगठा आणि तर्जनी पात्याच्या दोन बाजूंना, मूठ जिथे पात्याला मिळते तिथे, आणि उरलेली तीन बोटं मुठीभोवती. पहिल्यांदा हे अवघड वाटतं, पण याने पातं डावी-उजवीकडे कलत नाही आणि फोड तिरकी होत नाही.

दुसरा हात जास्त महत्त्वाचा. भाजी धरताना बोटांची टोकं आत वळवा, नखं भाजीवर टेकवा आणि अंगठा बोटांच्या मागे लपवा. मधल्या बोटाचं पेर पुढे येतं. सुरीची बाजू त्या पेराला टेकून वर-खाली होते. पेर किती मागे सरकतं तेवढी जाड चकती. म्हणजे माप डोळ्याने नाही, पेराने ठरतं. माझ्या भाच्याला दोन तासांत एवढं एकच नीट आलं आणि तेवढं पुरलं. सुरीचं टोक पाटावरून फार उचलू नका, मागचा भाग उचलायचा आणि पुढे ढकलत खाली आणायचा. खटाखट आपटायचं काही कारण नाही.

पहिला धडा: गाजर

गाजरावर शिका. ते कडक असतं, घरंगळतं, म्हणजे खरी पद्धत तिथेच कळते. सोला, दोन्ही टोकं उडवा आणि बोटाएवढे तुकडे करा. आता एक तुकडा आडवा ठेवून त्याच्या एका अंगाची पातळ कड लांबीत काढून टाका. ती सपाट बाजू खाली करा. गाजर आता पाटावर बसलं. ज्या भाजीला बसायला बूड नाही तिला आधी बूड करून द्यायचं, या एका सवयीने निम्मी कापलेली बोटं वाचतात.

मग लांबीत अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या करा. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवा, जास्त नको, घसरतात. पुन्हा लांबीत तेवढ्याच अंतराने कापा, काड्या झाल्या. काड्या गोळा करून पेराने सरळ रेषेत आणा, आडव्या ठेवा आणि त्याच अंतराने कापत जा. चौकोनी फोडी झाल्या. आधी पट्ट्या, मग काड्या, मग फोडी. बटाटा, बीट, दुधी, भोपळा, कैरी, सफरचंद, पपई, सगळ्यांना हाच क्रम. बाजूला काढलेली कड बारीक चिरून त्यातच घाला, ती वाया घालवायची नाही.

कांदा वेगळा का

कांद्याला निसर्गानेच थर दिले आहेत, त्यामुळे त्याच्या पट्ट्या करायला लागत नाहीत. त्याचं सगळं गुपित मुळाच्या टोकात आहे. शेंड्याकडचं टोक कापा, मुळाकडचं ठेवा. उभा, मुळातून दोन भाग करा आणि मग साल काढा. अर्धा कांदा सपाट बाजूवर पालथा ठेवा, मुळाची बाजू तुमच्यापासून लांब. आता उभे काप द्या, पण मुळापर्यंत नेऊ नका, बोटभर आधी थांबा. कांदा पंख्यासारखा एकत्र राहतो. मग वळवून आडवे कापत मुळाकडे या. फोडी आपोआप सुटत जातात. मुळाजवळचा बुटका तुकडा उरतो, तो वाटणात टाका.

काही जण मध्ये एक आडवा काप, पाटाला समांतर, द्यायला शिकवतात. मी नव्या माणसाला तो शिकवत नाही. थर आहेतच, तेवढ्याने काम होतं आणि सुरी हाताच्या दिशेने न्यावी लागत नाही.

डोळ्यांतून पाणी येतं ते वासाने नाही. कांद्याच्या पेशी फुटल्या की आतले दोन घटक एकत्र येऊन एक झोंबणारा वायू तयार होतो आणि तो डोळ्यांतल्या ओलाव्यात मिसळतो. बोथट सुरी पेशी चिरडते, म्हणून जास्त पाणी येतं. धारदार सुरी आणि चिरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलेला कांदा, एवढ्याने बराच फरक पडतो.

बाकीच्यांचे स्वभाव

टोमॅटो चार भागांत चिरा, गर काढून वाटीत ठेवा आणि सालीची बाजू खाली ठेवून फोडी करा. गर कोशिंबिरीत गेला तर तिचं सार होतं. तो गर संध्याकाळच्या आमटीत घाला. सिमला मिरचीचे चारी बाजूंचे काप उभे काढा, बियांचा गाभा आपोआप मागे राहतो. तीही आतली बाजू वर ठेवून चिरायची, साल चिवट असते.

बटाट्याच्या फोडी लगेच पाण्यात टाका, नाही तर काळ्या पडतात. पाण्याने वरचा स्टार्चही निघतो, त्यामुळे कढईत चिकटत नाहीत. फोडणीत टाकण्याआधी मात्र निथळून, फडक्यावर कोरड्या करा, तेल अंगावर उडत नाही.

दुधी आणि काकडी चिरण्याआधी एक तुकडा चाखायचाच. काकडी कडू लागली तर टोकाकडचा भाग टाकून पुढचं पाहता येतं. दुधी कडू लागला तर अख्खा फेकून द्या, साखर-गुळाने झाकायचा प्रयत्न करू नका. तो कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याने विषबाधा होते आणि शिजवूनही ते जात नाही. त्याचा रस तर अजिबात प्यायचा नाही.

लाल भोपळा अख्खा आणू नका. महात्मा फुले मंडईत, नाही तर घराजवळच्या भाजीवाल्या मावशींकडे, भोपळ्याची फोड तोलून मिळते. पावशेर म्हटलं की पावशेरच देतात. एकट्या-दुकट्याने मार्केट यार्डाला जाण्यात अर्थ नाही, तिथली मापं घाऊक. मंडई बघायची म्हणूनही एकदा जा. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याची ती इमारत 1886 सालची, तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. सकाळी लवकर गेलात तर कोवळ्या, लहान काकड्या निवडून घेता येतात, दुपारपर्यंत मागे जाड बियांच्या उरतात.

बीट सगळ्यांत शेवटी चिरा, एवढंच त्याच्याबद्दल.

काकडी, जरा सविस्तर

कोशिंबिरीवर माझा जीव आहे, म्हणून इथे थोडी थांबते. पुण्यातल्या जुन्या घरांत खमंग काकडीसाठी काकडी किसत नाहीत, कोचवतात. काही घरांत चोचवणं म्हणतात. आजी सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्या तोंडावर उभे-आडवे बारीक घाव घालत जायची, काकडी फिरवत, आणि मग वरचा थर सपकन कापून खाली ताटात पाडायची. पावसासारखे बारीक तुकडे पडायचे. ओले पण कुरकुरीत, एकही दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. किसलेल्या काकडीचं पाणी होतं, कोचवलेली दाताखाली येते. फरक एवढाच, पण जेवताना तोच सगळा असतो.

तुम्ही आज कोचवायला जाऊ नका, सुरी हाताकडे येते, त्यासाठी वर्षांची सवय हवी. पाटावर करा. काकडी सोला, टोकं उडवा, चाखा. तीन तुकडे करा, प्रत्येक तुकडा उभा दोन भागांत. बिया जून असतील तर चमच्याने ओढून काढा. सपाट बाजू खाली, बारीक काड्या, मग डाळिंबाच्या दाण्याएवढ्या फोडी. आजीच्या हातचं नाही होणार, पण त्याच्या जवळ जाईल.

दोघांसाठी दोन मध्यम काकड्या घ्या, तीन चमचे भाजलेल्या दाण्याचं कूट, बारीक चिरलेली एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, आवडत असेल तर ओलं खोबरं, अर्धा चमचा साखर आणि अर्धं लिंबू. छोट्या कढल्यात साजूक तूप तापवून जिरं तडतडवा, मिरची घातली असेल तर ती फोडणीतही चालते. फोडणी काकडीवर ओता आणि हलक्या हाताने कालवा. मीठ? ते अगदी ताटं मांडल्यावर. मीठ लागलं की काकडी पाणी सोडायला लागते आणि दहा मिनिटांत कूट लगदा होऊन खाली बसतं. मी पाहुण्यांसमोरच मीठ घालून कालवते, त्यांनाही आवडतं.

ताटाची डावी बाजू आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबिरीची. वाढताना नेहमी थोडीशीच वाढली जाते, ही माझी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते. चमचाभर कोशिंबिरीने ते भरून येत नाही. मोठी वाटी भरून घ्या. काकडीचा कंटाळा आला तर गाजर-टोमॅटो-कांदा, नाही तर मोड आलेली मटकी जराशी वाफवून त्यात कांदा, टोमॅटो आणि कच्च्या कैरीच्या फोडी. मार्च ते मे कैरी मिळते तोवर रोज घाला, लिंबाची गरज राहत नाही.

डबा आणि उन्हाळा

डब्यासाठी फोडी करून न्यायच्या असतील तर गाजर, सिमला मिरची, कोवळा कोबी, डाळिंबाचे दाणे अशा कोरड्या गोष्टी घ्या. मीठ-लिंबू वेगळ्या डबीत. टोमॅटो आणि काकडी सकाळी चिरली तर दुपारी डब्यात तळं होतं. सफरचंद आणि पेरू चिरल्यावर लिंबाचं बोट फिरवलं की काळे पडत नाहीत.

चिरलेलं फळ किंवा भाजी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा एक तासच. कलिंगड, पपई, खरबूज यांच्याबाबतीत हे कटाक्षाने पाळा, सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते, म्हणून चिरण्याआधी सालही धुवा. फ्रीजमध्ये झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या फोडी दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. पुरंदरची अंजिरं मिळाली तर त्यांच्या फोडी करू नका, हातानेच दोन भाग करा आणि तिथेच खा.

सालींचं काय

दुधीची कोवळी साल धुऊन बारीक चिरा, थोड्या तेलात कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि तिखट घालून भरड वाटा. ही चटणी भाकरीबरोबर चार दिवस टिकते. कोबीचा दांडा सोलला की आतून गाजरासारखा गोड निघतो, त्याच्याही फोडी कोशिंबिरीत जातात. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या तर पानांपेक्षा जास्त वासाच्या, त्या आमटीत. उरलं ते ओल्या कचऱ्याच्या डब्यात.

भाचा आता दर रविवारी रात्री पोहे करतो. परवा त्याने फोटो पाठवला, बटाट्याच्या फोडी ताटात ओळीने मांडलेल्या. एक जरा मोठी होती. तिच्याभोवती त्याने लाल गोल करून खाली लिहिलं होतं, "मावशी, ही अजून चुकते."